मंडईचा उंबरठा

शहरात नवी मंडई उभी राहते, तेव्हा सर्वांचे लक्ष साहजिकच इमारतीकडे जाते. गाळे किती, ओटे किती, छप्पर कसले, पाण्याची व दिव्यांची सोय कशी, याची चौकशी होते. कोनशिला बसते, फीत कापली जाते, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. परंतु त्या इमारतीच्या दारापर्यंत माणूस पोचणार कसा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक मंडईत येणारा प्रत्येक माणूस, तो कोठूनही आणि कोणत्याही वाहनाने आलेला असो, अखेरची शंभर-दोनशे पावले पायीच चालतो. शेतकरी स्त्री चुंबळीवर पाटी घेऊन येते, हमाल पाठीवर पोते घेऊन येतो, गृहिणी दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन परत निघते. यांपैकी कोणाचाही हात मोकळा नसतो आणि कोणालाही धावता येत नाही. म्हणूनच मंडईचा खरा उंबरठा तिच्या दारात नसतो. तो समोरच्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असतो. तेथून दारापर्यंतचे अंतर निर्धास्तपणे ओलांडता आले, तरच ती मंडई लोकांची झाली असे म्हणता येईल. पुण्याच्या मंडईचा सुमारे एकशेचाळीस वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

शनिवारवाड्यापुढून शुक्रवार पेठेत

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. ऊन, पाऊस आणि चिखल यांत बसून विक्रेते माल विकीत. या बाजाराला पक्के छप्पर मिळावे, या हेतूने नगरपालिकेने शुक्रवार पेठेत नवी इमारत बांधावयास घेतली आणि ती १८८६ साली लोकांसाठी खुली झाली. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ असे नाव देण्यात आले. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती कमानींच्या दगडी पडव्या, अशी ही वास्तू पुण्याची ओळख बनून राहिली आहे.

या बांधकामाचा विचार सुरू होता, त्या सुमारास महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते. १८७६ पासून त्यांनी हे काम पाहिले. गोरगरिबांच्या शिक्षणाकडे पुरेसे लक्ष दिले जात नसताना बाजाराच्या भव्य इमारतीवर एवढा पैसा खर्च करणे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांनी या खर्चास विरोध केला. याच काळात, १८८३ साली, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा कोठे जातो, हा त्या ग्रंथाचा विषय आणि नगरपालिकेत त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न, या दोहोंचे मूळ एकच होते. पुढे आचार्य प्र. के. अत्रे यांनी नगरपालिकेत असताना पुढाकार घेतला आणि ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला होता, त्याच इमारतीला ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव मिळाले.

या नामकरणात विसंगती आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु जोतीरावांचा आक्षेप दगड-विटांवर नव्हता. सार्वजनिक पैशाचा लाभ कोणाला मिळतो, असे ते विचारीत होते. तो प्रश्न प्रत्येक नव्या मंडईला विचारावा लागेल. इमारत बांधली, वाहने उभी करण्यास जागा केली, पण पायी येणारा शेतकरी आणि पायी येणारे गिऱ्हाईक जीव मुठीत धरूनच येत राहिले, तर त्या खर्चाचा लाभ कोणाला झाला?

रस्ते तेच, रहदारी निराळी

मंडई बांधली गेली तेव्हा तिच्या भोवतालच्या रस्त्यांवर बैलगाड्या, टांगे आणि पायी चालणारी माणसे असत. पुण्याच्या पेठा मुळात चालणाऱ्यांसाठीच वसलेल्या. नंतर सायकली आल्या आणि पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. सायकलस्वाराचा वेग बेताचा, त्याचे वाहन हलके; चुकून धक्का लागलाच तर खरचटण्यावर निभावत असे. त्यानंतर स्वयंचलित दुचाक्या, रिक्षा, मोटारी आणि मालाचे टेम्पो आले. रस्त्यांची रुंदी फारशी वाढली नाही. पण त्यांवरून जाणाऱ्या वाहनांचा वेग, वजन आणि संख्या मात्र कित्येक पटींनी वाढली.

मधल्या काळात एक महत्त्वाचा बदल झाला. भाजीपाल्याचा घाऊक व्यापार शहराच्या मध्यभागातून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलविण्यात आला. मालमोटारींची मोठी वर्दळ त्यामुळे पेठांबाहेर गेली. किरकोळ विक्री मात्र मंडईतच राहिली आणि तिच्या भोवती तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, बाबू गेनू चौक हा सारा परिसर खरेदीचा परिसर म्हणून वाढत गेला. जेथे आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहे होती, तेथे वाहनतळ झाले. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि मंडईला स्वतःचे मेट्रो स्थानक मिळाले. स्थानकातून वर येणारा प्रत्येक प्रवासी पादचारी असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वाहनांची गर्दी कमी करण्याचे साधन म्हणून मेट्रोकडे पाहावयाचे, तर तिच्या पायऱ्यांपासून मंडईच्या कमानीपर्यंतची वाट चालण्याजोगी असणे ही पहिली अट ठरते.

पंधरा सेकंदांचा हिशोब

पादचाऱ्याच्या सुरक्षिततेची चर्चा पुष्कळदा शिस्त आणि बेशिस्त या शब्दांतच अडकून पडते. शिस्त हवीच; परंतु साधे गणित मांडून पाहिले तर अडचण आणखी खोलवर असल्याचे दिसते. धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे सव्वा मीटर चालतो. बारा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्याला दहा सेकंद लागतात. सत्तरीच्या घरातील, हातात पाच किलोंची पिशवी घेतलेली स्त्री सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास चालत असेल, तर तिला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागेल. सिग्नलने बारा सेकंदच दिले असतील, तर ती अजून रस्त्यावरच असताना समोरची वाहने सुटतात. येथे तिच्या हातून नियमभंग झालेला नसतो. सिग्नलचा वेळ ठरविताना तिचा विचारच झालेला नसतो.

आता वाहनाचा हिशोब पाहावा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ८ मीटर जाते, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे सुमारे १४ मीटर. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा एक सेकंद तरी जातोच. त्या एका सेकंदात पडणारा सहा मीटरांचा फरक म्हणजे कित्येकदा जीवन आणि मृत्यू यांतील फरक होय. वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेने तर, जेथे पादचारी आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे आवाहन सर्व देशांना केले. मंडईचा परिसर या वर्णनात नेमका बसतो.

देशापुढील प्रश्न किती मोठा आहे, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीवरून दिसते. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक. यांतील प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. त्या घरातील कोणी कामाला निघाला असेल, कोणी शाळेत, तर कोणी भाजी आणावयास गेला असेल.

इमारत रिकामी का राहते?

नव्या मंडयांच्या बाबतीत एक अनुभव अनेक शहरांत येतो. महापालिका खर्च करून इमारत बांधते, ओटे वाटते. आणि काही महिन्यांनी ओटे ओस पडून विक्रेते पुन्हा समोरच्या रस्त्यावर बसलेले दिसतात. मग पथारीवाल्यांना दोष दिला जातो. दोष देण्यापूर्वी विक्रेत्याचा व्यवहार समजून घेणे आवश्यक आहे. पालेभाजी हा नाशवंत माल. सकाळी तोडलेली मेथी संध्याकाळपर्यंत विकली गेली नाही, तर तिची किंमत उरत नाही. त्यामुळे विक्रेता जेथून माणसे चालतात तेथेच बसतो. ज्या इमारतीत शिरण्यास पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात, जिच्या दारासमोर दुचाक्यांची भिंत उभी असते आणि जिच्याकडे जाण्यासाठी वाहता रस्ता ओलांडावा लागतो, त्या इमारतीत गिऱ्हाईक वळत नाही. गिऱ्हाईक वळत नाही म्हणून विक्रेता बाहेर येतो. विक्रेता बाहेर आला की पदपथ व्यापला जातो. पदपथ व्यापला की पादचारी रस्त्यावर उतरतो आणि अपघातास सामोरा जातो. असे हे दुष्टचक्र आहे.

म्हणजेच पादचाऱ्याची सुरक्षितता आणि विक्रेत्याचा धंदा हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. जी वाट पादचाऱ्याला सोयीची, तीच विक्रेत्याला गिऱ्हाईक आणून देते. कायद्यानेही ही सांगड घातलेली आहे. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याने शहर फेरीवाला समितीची तरतूद केली असून तीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना स्थान दिले आहे. मंडईभोवती कोणी कोठे बसावे आणि चालण्याची वाट किती मोकळी राहावी, हे अशा समितीत विक्रेत्यांच्या सहभागाने ठरले, तर ते टिकण्याची शक्यता अधिक.

शेतकऱ्याच्या दृष्टीनेही या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला यांना बाजार समितीच्या आवाराबाहेरील नियमनातून मुक्त केले आणि त्याच सुमारास संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू केले. पुण्यात निरनिराळ्या भागांत असे बाजार भरू लागले. पुरंदरचे अंजीर, सीताफळ आणि वाटाणा मधल्या हातांवाचून थेट ग्राहकाच्या पिशवीत पडावा, हा त्यामागील हेतू. परंतु असा बाजार वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला भरला आणि त्याच्या सभोवती ओलांडण्याची सोय नसली, तर शेतकऱ्याला मिळणारा चांगला भाव ग्राहकाच्या जिवाच्या जोखमीवर मिळतो. असा सौदा कोणत्याही शेतकऱ्याला नको असेल.

नियम आहेत, ते जमिनीवर उतरावेत

या बाबतीत मार्गदर्शनाची उणीव मुळीच नाही. भारतीय रस्ते महासभेने २०१२ साली पादचारी सुविधांविषयी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची आणि २.२ मीटर उंचीची जागा पूर्णपणे मोकळी असावयास हवी. व्यापारी भागात ही रुंदी २.५ मीटर असावी. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, म्हणजे वृद्धांना आणि मुलांना त्यावर चढता येईल. पुणे महापालिकेने २०१६ साली स्वतःचे पादचारी धोरण स्वीकारले. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर, अडथळ्यावाचून आणि अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे पदपथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. पदपथ ही नगरपालिकेने केलेली मेहेरबानी नसून नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, हा त्याचा सरळ अर्थ.

या तत्त्वांचा प्रत्यक्ष अनुभव पुणेकरांनी घेतलेला आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्यात पादचारी दिन साजरा झाला आणि मंडईपासून जवळच असलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून चालणाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. एरवी ज्या रस्त्यावर दुकानाच्या पायरीवरून उतरताना दहा वेळा मागे-पुढे पाहावे लागते, तेथे मुले मोकळेपणाने वावरली. दिल्लीतील चांदणी चौक हे याहून मोठे उदाहरण. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या या शेकडो वर्षांच्या बाजाररस्त्याची फेररचना करण्यात आली आणि २०२१ साली तो नव्या रूपात खुला झाला. तेथे सकाळी ९ ते रात्री ९ या वेळात मोटारींना मज्जाव करण्याची व्यवस्था ठरविण्यात आली. अशा व्यवस्थेची अंमलबजावणी दररोज करावी लागते, एक दिवस ढिलाई झाली की जुनी घडी परत येते, हाही धडा या उदाहरणातून घेण्यासारखा आहे. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, १९६२ साली मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद झाला, तेव्हा धंदा बुडेल अशी भीती तेथील दुकानदारांना वाटली होती. पुढे तोच रस्ता खरेदीसाठी प्रसिद्ध झाला. चालणारा माणूस थांबतो, पाहतो आणि खरेदी करतो. वेगाने जाणारे वाहन यांपैकी काहीच करीत नाही.

नव्या मंडईच्या नकाशात काय असावे?

नवी मंडई बांधताना, अथवा जुन्या मंडईची सुधारणा करताना, काही गोष्टी इमारतीच्या आराखड्यातच धरल्या पाहिजेत. त्या नंतर जोडता येत नाहीत.

पहिली गोष्ट ओलांडण्याच्या जागेची. माणसे जेथून स्वाभाविकपणे रस्ता ओलांडतात, तेथेच झेब्रा पट्टे असावेत. दोनशे पावलांवर नेऊन आखलेल्या पट्ट्यांकडे हातात ओझे असलेला माणूस जात नाही. मंडईच्या मुख्य दारासमोर रस्ताच पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून घेतला, तर माणसाला खाली उतरावे लागत नाही आणि वाहनाचा वेग आपोआप कमी होतो. रस्ता रुंद असेल तर मध्यभागी उभे राहण्यास सुरक्षित जागा हवी. म्हणजे पंधरा सेकंदांचे अंतर दोन टप्प्यांत विभागले जाते.

दुसरी गोष्ट मालाच्या वाहनांची. टेम्पोचे येणे पहाटे ठरावीक वेळेत आणि मागच्या बाजूने व्हावे. गर्दीच्या वेळी मागे सरकणारा टेम्पो हा मंडईतील मोठा धोका असतो, कारण चालकाला पाठीमागे वाकून भाजी निवडणारे माणूस दिसत नाही. हमालांच्या हातगाड्यांनाही स्वतंत्र उताराची वाट हवी. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली आणि ओझे वाहणाऱ्याच्या कष्टाला प्रतिष्ठा मिळवून दिली. हमालासाठी मंडईभोवतालचा रस्ता हेच कामाचे ठिकाण असते, आणि कारखान्यातील कामगाराप्रमाणे त्यालाही कामाच्या ठिकाणी सुरक्षितता मिळाली पाहिजे.

तिसरी गोष्ट दारापुढच्या अंगणाची. मुख्य दारासमोरची जागा वाहनतळासाठी न देता मोकळी ठेवावी. वाहनतळ थोडा दूर असला तरी चालेल. वाहनाने आलेला माणूस पन्नास पावले चालू शकतो. पायऱ्यांबरोबर उतार असावा, रात्री पुरेसा उजेड असावा आणि पावसाळ्यात भाजीच्या पाल्याने निसरडी होणारी फरशी टाळावी. घसरून पडलेल्या वृद्ध माणसाचे मोडलेले हाड कोणत्याही अपघाताच्या नोंदीत येत नाही. त्याचे दुःख मात्र कमी नसते.

चौथी गोष्ट नागरिकांच्या स्वाधीन आहे. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे, हे मोटार वाहन चालनाच्या २०१७ च्या विनियमांनुसार चालकाचे कर्तव्य आहे. पदपथावर दुचाकी चढविणे, दोन मिनिटांसाठी म्हणून मंडईच्या दारातच गाडी लावणे, गाडीवर बसूनच कोथिंबिरीचा भाव विचारणे, या सवयी लहान वाटतात. पण रस्त्यावर उतरणे भाग पडलेल्या प्रत्येक पादचाऱ्यामागे अशीच एखादी लहान सवय असते. दुकानदारांनी माल पायरीच्या आत ठेवला, पादचाऱ्यांनी पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडला आणि पोलिसांनी व महापालिकेने नियमांची अंमलबजावणी रोज केली, तर फार मोठ्या खर्चावाचूनही पुष्कळ सुधारणा होऊ शकते.

नागरिक बंधुभगिनींनो, १८८६ साली पुण्याने आपल्या भाजीवाल्यांच्या डोक्यावर छप्पर दिले. ते काम आवश्यक होते आणि त्या इमारतीने शहराची अनेक पिढ्या सेवा केली. आता त्या छपरापर्यंतची वाट निर्धोक करण्याचे काम बाकी आहे. महात्मा फुले यांचे नाव ज्या मंडईला आहे, तिच्यात पाटी घेऊन येणारी शेतकरी स्त्री, पोते वाहणारा हमाल आणि पिशवी घेतलेली आजी यांना कोणाचाही हात न धरता, घाईवाचून आणि भीतीवाचून पोचता आले पाहिजे. नव्या मंडईचे उद्घाटन करताना फीत दारात बांधण्याची प्रथा आहे. ती समोरच्या रस्त्याच्या पलीकडे बांधावी आणि अशाच एखाद्या आजीने स्वतः चालत येऊन ती कापावी. तिला ते सहज जमले, तर मंडई खऱ्या अर्थाने पूर्ण झाली असे समजावे.